एस. टी. : दोन अक्षरे, अनेक घरे



आजच्या भाषणाचा विषय अवघ्या दोन अक्षरांचा आहे. इंग्रजी वर्णमालेतील 'एस' आणि 'टी' ही ती अक्षरे. ती एकापुढे एक उच्चारली की आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात काही ना काही चित्र उभे राहते. परंतु ते चित्र सर्वांचे एकच असेल, असे मात्र नाही. जळगावकडील शेतकऱ्याला लाल रंगाची गाडी दिसेल. नंदुरबारच्या विद्यार्थ्याला कचेरीतून मिळणारा दाखला दिसेल. सुरतेच्या कापडबाजारातील वृद्ध मुनिमाला विक्रीकराचा क्रमांक आठवेल, हृदयरोगाच्या डॉक्टरांना कागदावरची एक नागमोडी रेघ दिसेल, आणि रेल्वेच्या खिडकीवरील कारकुनाला तर आमचे अख्खे सुरत शहर दिसेल.

होय, सुरत शहरच. रेल्वेच्या दप्तरी प्रत्येक स्थानकाला एक सांकेतिक खूण असते. सुरतेची खूण 'एस. टी.' अशी आहे. तिकिटावर, आरक्षणाच्या तक्त्यावर, मालाच्या पावतीवर ती छापलेली आढळते. जळगावची 'जे. एल.', वलसाडची 'बी. एल.' आणि भरूचची 'बी. एच.'. वलसाड आणि भरूच यांच्या प्रारंभी 'बी' कसा आला, असे माझे विद्यार्थी हटकून विचारतात. इंग्रजांच्या तोंडी ती गावे बुलसार आणि ब्रोच होती. नावे सुधारली, खुणा मात्र जुन्याच राहिल्या. 'सुरत' या शब्दाचे इंग्रजी पहिले आणि शेवटचे अक्षर घेतले की 'एस. टी.' होते; यात गूढ असे काही नाही.

या खुणांचा उगम तारायंत्राच्या काळातला. एका स्थानकाने दुसऱ्यास गाडी सुटल्याची वर्दी द्यावयाची, ती मोर्सच्या कट्ट-कडकट्ट लिपीत. प्रत्येक वेळी पूर्ण नाव ठोकत बसण्यास वेळ कोणाला? मोर्सच्या लिपीत 'एस' म्हणजे तीन टिंबे आणि 'टी' म्हणजे एक रेघ. आता गंमत अशी, की तीन टिंबे आणि लगेच एक रेघ असे ठोकले तर ते 'एस. टी.' राहत नाही, ते 'व्ही' हे एकच अक्षर होते. दुसऱ्या महायुद्धात बी. बी. सी. च्या परदेशी कार्यक्रमांच्या आरंभी विजयाचे चिन्ह म्हणून नगाऱ्यावर जे ठोके वाजत, तेच हे ठोके. मग सुरत आणि विजय यांत फरक काय? फरक केवळ मध्ये सोडलेल्या क्षणाचा. एका अक्षरातील दोन ठोक्यांमध्ये एका टिंबाएवढा अवकाश आणि दोन अक्षरांमध्ये तीन टिंबांएवढा, असा तो नियम आहे. आपल्या देशातील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आणि हे ठोके कानांनी ओळखणारी माणसेही आता विरळाच. खुणा तेवढ्या मागे उरल्या आहेत.

सुरत स्थानकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की एस. टी. चे स्थानक, अशी आम्हां सुरतकरांची कित्येक वर्षांची सवय. म्हणजे रेल्वेच्या भाषेतील एस. टी. च्या दारातच ही दुसरी एस. टी. उभी. या एस. टी. विषयी महाराष्ट्रातील श्रोत्यांना मी काय सांगावे? १ जून १९४८ रोजी पुणे आणि तेव्हाचे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, यांच्या दरम्यान सरकारी गाडी प्रथम धावली. 'स्टेट ट्रान्स्पोर्ट' या तिच्या नावाचे हे लघुरूप. त्यातील 'स्टेट' म्हणजे मुंबई राज्य, आणि सुरतही त्या वेळी त्याच राज्यात होती. १ मे १९६० रोजी राज्याची वाटणी झाली, महामंडळाचीही झाली. महाराष्ट्रात राज्य मार्ग परिवहन महामंडळ आणि गुजरातेत राज्य मार्ग वाहन व्यवहार निगम अशी दोन घरे झाली. दोहोंची अधिकृत लघुरूपे पाच-पाच अक्षरांची आहेत आणि ती कोणाच्याही तोंडी नाहीत. दोन्हीकडची माणसे आजही 'एस. टी.' च म्हणतात. भाऊ वेगळे झाले तरी आईचे माहेरचे नाव दोघांनीही सोडले नाही, असाच हा प्रकार आहे.

खेड्यातील मराठी माणसाने तर या दोन इंग्रजी अक्षरांचे पुरते देशीकरण केले. तो म्हणतो, 'यष्टी आली का?' शहरातील शिकलेली मंडळी या उच्चाराला हसतात. परंतु 'यष्टी' हा शुद्ध संस्कृत शब्द आहे, आणि त्याचा अर्थ काठी. ज्येष्ठमधाला वैद्य 'यष्टिमधु' म्हणतात, कारण ती गोड काठीच असते. क्रिकेटचे मराठी समालोचन ऐकणाऱ्यांना 'यष्टिरक्षक' ठाऊक आहेच. अडाणी म्हणून ज्याला हसावे, त्याच्या जिभेने परकीय अक्षरांना नकळत संस्कृताच्या घरी नेऊन बसविले. शिवाय 'एस. टी.' ला मराठीने स्त्रीलिंग दिले, अनेकवचन दिले, विभक्तीचे प्रत्यय लावले. 'एसटीने', 'एसटीतून', 'एसट्या बंद आहेत' ही आता कुठल्याही व्याकरणाने मान्य करावीत अशी रूपे आहेत.

माझ्या समाजात याच दोन अक्षरांना आणखी एक मान आहे. शाळेच्या किंवा चर्चच्या पाटीवर इंग्रजीत 'एस' मोठा आणि 'टी' लहान काढलेला दिसला की आम्ही 'सेंट', म्हणजे संत, असे वाचतो. सुरतेत सेंट झेवियर्स शाळा सर्वांच्या परिचयाची आहे. इथेही पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर घेण्याचीच रीत आहे; म्हणजे सुरत आणि संत यांचा संक्षेप एकाच नियमाने झाला. इंग्रजीत 'स्ट्रीट', म्हणजे रस्ता, याचेही तेच लघुरूप. त्यामुळे संताच्या नावाच्या रस्त्याचा पत्ता लिहिताना ही अक्षरे नावापूर्वी एकदा आणि नावानंतर एकदा येतात. पुढे आली तर संत, मागे आली तर रस्ता! स्थान बदलले की अर्थ बदलतो, आणि वाचणारा मुळीच गोंधळत नाही.

चर्चमधील वेदीवर 'आय. एच. एस.' ही अक्षरे पुष्कळांनी पाहिली असतील. त्यांचा अर्थ विचारला तर बहुतेक सांगतील, की लॅटिन भाषेत 'येशू, मानवांचा तारणहार' या तीन शब्दांची ही आद्याक्षरे आहेत. वस्तुतः ती येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरे आहेत. मधले अक्षर 'एच' नसून ग्रीक 'ईटा' आहे. लॅटिन जाणणाऱ्यांना ग्रीक येईनासे झाले, तेव्हा त्यांनी त्या अक्षरांना आपल्या भाषेतील अर्थ दिला. अर्थ सुंदर आहे, म्हणून तो टिकला. अक्षरे आधी आणि अर्थ मागाहून, असे लघुरूपांच्या बाबतीत वारंवार घडते.

सुरतेच्या बाजाराकडे वळू. माझ्या परिचयाच्या एका कापडाच्या जुन्या पेढीत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या बिलांचे गठ्ठे आहेत. त्या बिलांच्या माथ्यावर 'जी. एस. टी. नंबर' छापलेला आहे. आजच्या मुलाने ते पाहिले तर तो चक्रावून जाईल, कारण देशात जी. एस. टी. लागू झाला तो १ जुलै २०१७ रोजी. पण त्या बिलांवरील जी. एस. टी. म्हणजे 'गुजरात सेल्स टॅक्स', राज्याचा १९६९ च्या कायद्याचा विक्रीकर. त्याच्या शेजारी 'सी. एस. टी.' असे, ते केंद्रीय विक्रीकराचे लघुरूप. मुंबईहून आलेल्या पाहुण्याला मात्र सी. एस. टी. म्हटले की बोरीबंदरचे स्थानकच आठवणार! गुजरातेत विक्रीकर जाऊन २००६ मध्ये मूल्यवर्धित कर आला, आणि अकरा वर्षांनी तीच तीन अक्षरे 'वस्तू व सेवा कर' हा नवा अर्थ घेऊन परतली. अक्षरे तीच असली तरी बोजा तो नव्हता. १९५७ पासून कापडावर केंद्राचा जादा उत्पादनकर होता आणि त्याच्या बदल्यात राज्ये कापडावर विक्रीकर लावीत नसत. कित्येक लहान कापड व्यापाऱ्यांना कराची विवरणपत्रे भरण्याचा सराव नव्हता. जुलै २०१७ मध्ये सुरतेच्या कापडबाजारांनी दीर्घ बंद पाळला, त्याचे एक कारण हेही होते.

'एस. टी.' ला आणखी एक अक्षर जोडून 'एस. टी. डी.' करा, म्हणजे नवा प्रपंच सुरू होतो. १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान आपल्या देशात प्रथमच मधल्या ऑपरेटरशिवाय परगावी दूरध्वनी लावण्याची सोय झाली. ती ही एस. टी. डी. सुरतेचा क्रमांक ०२६१. एके काळी प्रत्येक नाक्यावर पिवळ्या पाटीची एस. टी. डी. ची खोली असे आणि रात्री दर उतरले की उधन्यातील मजूर गावाकडे बोलण्यासाठी तिथे रांग लावीत. शाळेच्या इंग्रजी कागदावर हीच अक्षरे 'इयत्ता' सांगतात. आरोग्य खात्याच्या भिंतीवरील फलकावर ती लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांची सूचना देत, आणि वर्गातील मुले ती वाचून एकमेकांस कोपरखळ्या मारीत. तर चर्चमधील विद्वान फादरांच्या नावापुढे ही अक्षरे आली तर समजावे, की त्यांनी धर्मशास्त्रातील सर्वोच्च पदवी मिळविली आहे. अशा एखाद्या विद्वानाची पत्रिका आरोग्य खात्यातील कारकुनाच्या हाती पडली तर काय होईल, ही कल्पना मी आपल्यावरच सोपविते.

डॉक्टरांची एस. टी. मात्र थट्टेचा विषय नाही. हृदयाचा आलेख काढतात त्यात उंचवटे आणि खळगे असतात. आइंटहोव्हेन नावाच्या डच शास्त्रज्ञाने त्यांना पी, क्यू, आर, एस, टी अशी ओळीने नावे दिली. याच कार्यासाठी त्याला १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लक्षात घ्या, ही अक्षरे कोणत्याही शब्दाचा संक्षेप नाहीत. वर्णमालेतील एकामागून एक येणारी अक्षरे, एवढेच. 'एस' संपून 'टी' सुरू होण्यापूर्वीचा जो सपाट तुकडा, तो एस. टी. चा भाग. तो वर उचललेला दिसला तर हृदयाची एखादी मोठी रक्तवाहिनी बंद झाल्याचा तो इशारा असू शकतो, आणि त्या क्षणापासून एकेक मिनिट मोलाचे ठरते. तो खाली दबलेला असेल तर अहवालात 'एस. टी. डिप्रेशन' असे लिहितात. एका गृहस्थांनी तो शब्द वाचून, आपल्या मातुःश्रींना मनाचा आजार जडला, असा समज करून घेतला आणि दोन दिवस त्यांना हवापालटासाठी कोठे न्यावे याचा विचार करीत राहिले. डिप्रेशन म्हणजे येथे केवळ रेघ खाली गेलेली. दोन दिवसांचा तो विलंब हृदयाच्या रोग्याला परवडणारा नव्हे. अहवाल हाती आला की तो ज्यांना वाचता येतो त्यांच्याकडेच नेला पाहिजे.

असे का होते? याचे उत्तर थोडेसे गणितात आहे. इंग्रजी वर्णमालेत अक्षरे २६. दोन अक्षरांच्या जोड्या केल्या तर २६ गुणिले २६, म्हणजे ६७६ होतात. त्याहून एकही अधिक नाही. भारतीय रेल्वेची एकट्याची स्थानके सात हजारांवर आहेत. म्हणजे दोन अक्षरांत रेल्वेचेही भागत नाही. मोठ्या आणि जुन्या स्थानकांना दोन अक्षरांचा मान मिळाला, इतरांना तीन-चार घ्यावी लागली. रेल्वेचा एक नियम मात्र कडक आहे. एकच खूण दोन स्थानकांना द्यावयाची नाही. आपल्या कुंपणाच्या आत प्रत्येक खात्याला असा बंदोबस्त ठेवता येतो. पण डॉक्टरांनी रेल्वेला विचारावे, रेल्वेने घटनाकारांना विचारावे, अशी व्यवस्था कोठेच नाही.

सुरतेतच याचे आणखी एक उदाहरण आहे. कतारगाम भागात डच लोकांची जुनी स्मशानभूमी आहे. 'व्ही. ओ. सी.' या तीन अक्षरांची मुद्रा ज्यांच्या नाण्यांवर असे, त्या डच ईस्ट इंडिया कंपनीची ही माणसे. मलबारातील वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथाचा कर्ता व्हान रीड येथेच पुरला आहे. ती कंपनी १७९९ च्या अखेरीस संपली. आज सुरतेच्या छपाई आणि रंगकामाच्या कारखान्यांत 'व्ही. ओ. सी.' म्हटले की हवेत उडून जाणारी सेंद्रिय रसायने समजतात, जी श्वासाला अपायकारक असतात. आणि तामीळनाडूत गेलात तर 'व्ही. ओ. सी.' हे एका देशभक्ताचे नाव आहे. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी आगबोट कंपनी काढली. तुतिकोरिनच्या बंदराला त्यांचेच नाव आहे. परदेशी कंपनी, परदेशी कंपनीशी झुंजणारा स्वदेशी माणूस आणि विषारी वाफ, ही तिन्ही एका छत्राखाली!

ही केवळ इंग्रजीची खोड आहे असे कोणी समजू नये. आपण पत्रात 'ता.' लिहितो, तेव्हा ती तारीख असते. पत्त्यात लिहितो तेव्हा तो तालुका असतो. आणि पत्राच्या शेवटी त्याला 'क.' जोडला की ताजा कलम होतो. 'इ.' म्हणजे इयत्ता, 'इ.' म्हणजे इत्यादी, आणि 'इ. स.' मध्ये इसवी. 'रा. रा.' हे राजमान्य राजश्री, पण नावानंतर 'रा. नवापूर' आले की तो राहणार नवापूरचा. आजवर यामुळे कोणाचे नुकसान झाल्याचे ऐकिवात नाही, कारण लिहिणारा आणि वाचणारा एकाच अंगणातले असतात. नुकसान होते ते माणूस एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जातो तेव्हा.

आता ज्या एस. टी. साठी मी आज मुख्यतः बोलावयास आले, तिच्याकडे येते. ती म्हणजे 'शेड्यूल्ड ट्राइब', अनुसूचित जमात.

मी सुरतेत मराठी माध्यमाच्या शाळेत शिकविते. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबे फार मोठ्या संख्येने राहतात. तापीकाठच्या लोहमार्गाने जळगाव, अमळनेर, नंदुरबारहून माणसे आली आणि मागावर, रंगखात्यात, बांधकामावर रुजली. बारडोलीकडे उसाच्या तोडणीसाठी सातपुड्यातील आदिवासी कुटुंबे दर वर्षी येतात. त्यांतील काही परतत नाहीत, सुरतेत काम शोधून राहतात. त्यांची मुले आमच्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी अक्राणी तालुक्यातील एका पावरा कुटुंबाची मुलगी नववीत होती. शाळेने तिच्या वडिलांना 'एस. टी. चा दाखला' आणावयास सांगितले. ते दुसऱ्या दिवशी मोठ्या विश्वासाने एस. टी. बसचा सवलतीचा जुना पास घेऊन आले. वर्गातील मुले हसली. मला हसू आले नाही, कारण मागणाऱ्याने शब्द अर्धाच मागितला होता.

वडिलांनी मग गावी जाऊन खरा दाखला आणला. महाराष्ट्रातील सक्षम अधिकाऱ्याने दिलेला, शिक्क्यासह. राज्याच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज गेला आणि काही आठवड्यांनी एका कचेरीतून परत आला. त्यावर शेरा होता : 'अन्य राज्याचे प्रमाणपत्र'. वडील मला विचारू लागले, 'बाई, गुजरातेत आम्ही भिल्ल नाही का?'

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर राज्यघटनेच्या ३४२ व्या अनुच्छेदात आहे. राष्ट्रपती एखाद्या जमातीला अनुसूचित म्हणून जाहीर करतात ते 'त्या राज्याच्या संबंधात'. यादी देशाची एक नाही, प्रत्येक राज्याची निराळी आहे. पहिला आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. सुरत आणि नंदुरबार तेव्हा एकाच मुंबई राज्यात होते. १९६० मध्ये जशा एस. टी. च्या गाड्या वाटल्या गेल्या, तशी ही यादीही वाटली गेली. भिल्लांची नोंद दोन्ही याद्यांत आहे, तरीही एका राज्याचा माणूस दुसऱ्या राज्यात जाऊन स्थायिक झाला तर नव्या राज्याच्या सवलतींवर त्याचा हक्क राहत नाही. मुंबईतील वैद्यकीय प्रवेशासाठी आंध्रातून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये हेच सांगितले. न्यायालयाचे म्हणणे असे, की मागासलेपण हे त्या त्या ठिकाणच्या परिस्थितीतून निर्माण झालेले असते. ती परिस्थिती मागे राहिली, आणि नव्या राज्यातील आदिवासींच्या वाट्यात बाहेरच्याने भागीदार होऊ नये. हा युक्तिवाद मला निरर्थक वाटत नाही. डांग आणि तापी जिल्ह्यांतील मुलांचा घास कोणी काढून घ्यावा असे कोण म्हणेल? पण जो बाप पोटासाठी पन्नास कोस चालून आला, त्याचे मागासलेपण सीमेवर उतरवून ठेवले जाते, हे मात्र मला मान्य करता येत नाही. मुलगी तीच, घरातील कंदील तोच, भाषाही तीच.

ही सीमा कशी आहे हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी नवापूर स्थानकावर जावे. ते स्थानक दोन राज्यांच्या सीमेवर आहे. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत. फलाटावरील एका बाकावर मधोमध सीमारेषा दाखविली आहे. एका टोकाला महाराष्ट्र, दुसऱ्या टोकाला गुजरात. प्रवासी हौसेने तिथे छायाचित्र काढतात. त्या बाकावर एक पावरा मुलगा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकला तर कायद्याने लगेच काही होत नाही, हे खरे. पण त्याचे घर सरकले तर होते.

अशीच आणखी एक खोच 'एस. ई. बी. सी.' या अक्षरांत आहे. येथे तर पूर्ण रूपही दोन्ही राज्यांत एकच आहे : सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग. गुजरातेत या अक्षरांचा अर्थ बक्षी पंचाच्या शिफारशींतून निघालेली, इतर मागासवर्गीयांची यादी. महाराष्ट्रात २०१८ च्या कायद्याने हीच अक्षरे मराठा समाजाच्या आरक्षणाला दिली गेली. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये रद्द ठरविला आणि २०२४ मध्ये दहा टक्क्यांचा नवा कायदा त्याच नावाने आला. सुरतेतील एखादा मराठा पालक महाराष्ट्रातील बातमी वाचून येथील अर्जावर त्या चौकटीत खूण करतो, आणि अर्ज नामंजूर होतो. अक्षरे जुळली, शब्दही जुळले, तरी अर्थ जुळला नाही.

तेव्हा सुरत, वापी, नवसारी, बडोदा येथे राहणाऱ्या आणि मूळ महाराष्ट्राच्या असणाऱ्या आदिवासी पालकांनी काय करावे? पहिली गोष्ट, निराश होऊन दाखला ट्रंकेच्या तळाशी टाकू नये. त्याचे मोल संपलेले नाही. केंद्र सरकारच्या नोकऱ्या आणि केंद्रीय शिक्षणसंस्थांतील राखीव जागा यांसाठी तो चालतो. मूळ राज्याच्या सवलतीही त्या राज्याच्या अटींप्रमाणे मिळू शकतात. आमची ती मुलगी दहावीनंतर नंदुरबारला नातलगांकडे राहून शिकली, ती याच वाटेने. मूल गुजरातेत जन्मले असेल तर वडिलांच्या मूळ राज्यातील प्रमाणपत्राच्या आधारे येथील अधिकारी त्याला स्थलांतरितांचे म्हणून प्रमाणपत्र देऊ शकतात, तशी केंद्राची सूचना आहे. मात्र त्यात मूळ राज्याचा उल्लेख असतो, आणि लाभही मूळ राज्याचे व केंद्राचेच मिळतात.

दुसरी गोष्ट कागदांची. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यानंतर वैधतेची पडताळणी होते आणि तेथे १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावातील जन्ममृत्यूची जुनी नोंद, जमिनीचा जुना उतारा, यांपैकी जे असेल ते जपून ठेवावे. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर त्यांचे भाऊ, चुलते यांच्या नोंदी शोधाव्यात. घरातील वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर त्यांच्याकडून नावे आणि गावे लिहून घ्यावीत. कोणत्या पाड्यावर कोण राहत होते, हे तेच सांगू शकतात.

आणि माझ्या शिक्षकबंधूंना व भगिनींना एक विनंती. पालकांना निरोप धाडताना 'एस. टी. चा दाखला' एवढेच लिहू नका. 'अनुसूचित जमातीचे प्रमाणपत्र, मूळ राज्यातील अधिकाऱ्याने दिलेले' असे पूर्ण लिहा. चिठ्ठीत अर्धी ओळ वाढेल, पण एका मजुराची दोन दिवसांची मजुरी वाचेल. मे महिन्यात ही कुटुंबे गावी जातात. कचेरीत दाखल्याला दिवस लागतात आणि जूनमध्ये शाळा उघडतात. तेव्हा ही चिठ्ठी वार्षिक परीक्षेच्या निकालाबरोबरच मुलाच्या हाती द्यावी, आणि पालकांनी सुटीच्या पहिल्याच आठवड्यात सेतू केंद्र गाठावे.